रात्रपाळी नसलेली रात्रपाळी

वस्तीतली आपली मुलं आता जाहिरात कंपन्यांत डिझाइन करतात. रात्री दोनला घरी येतात आणि आपण म्हणतो, पोरगं कष्टाळू आहे!

जपानच्या डेन्त्सू या बड्या जाहिरात कंपनीतल्या २४ वर्षांच्या मुलीने २०१५ साली जीव दिला. एका महिन्यात शंभरावर तास जादा काम झालं होतं. त्यानंतर कंपनीत रात्री दहाला दिवे बंद होऊ लागले. २०१७ मध्ये कोर्टाने दंडही केला. दिवे आधी विझवले असते तर?

झोप उडाली, चिडचिड वाढली की आम्ही परिचारिका आधी कामाचे तास विचारतो. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तास, जादा कामाला दुप्पट पगार आहे. तास वहीत लिहा, साहेबाकडे एकटं न जाता चौघं मिळून जा. आणि आयांनो, आज विचाराच: दुपारी जेवलास का?