गटारात पाणी मावते किती?

पावसाळ्यात एक गोष्ट अवश्य पाहा. रस्त्याच्या वरच्या टोकाला गटार अर्धेमुर्धेच भरलेले असते, आणि तेच खाली सपाटीवर आले की काठ ओलांडून सांडू लागते. वाटेत नवे पाणी मिळालेले नसले तरीही! याचे कारण आकडेमोडीने शोधू.

आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग याने १८८९ साली मांडलेले सूत्र आज या रूपात वापरतात :

वेग = (जलीय त्रिज्येच्या वर्गाचे घनमूळ × उताराचे वर्गमूळ) ÷ खडबडीतपणाचा गुणांक

'जलीय त्रिज्या' हे नाव भारदस्त असले तरी अर्थ साधा आहे. प्रवाहाच्या छेदाच्या क्षेत्रफळाला तळ व भिंतींच्या ओल्या लांबीने भागायचे, एवढेच.

समजा, सिमेंटचे गटार ६० सेंमी रुंद व ४० सेंमी खोल आहे. ते काठोकाठ भरले तर क्षेत्रफळ ०.२४ चौ. मी., ओली लांबी १.४ मी. आणि त्रिज्या सुमारे ०.१७ मी. गुणांक ०.०१५ धरू. पहिल्या ५० मीटरांत उतार १०० त १, पुढच्या ५० मीटरांत ४०० त १. वेग सेकंदाला २.०६ व १.०३ मीटर येतो; म्हणजे सेकंदाला सुमारे ४९४ व २४७ लिटर पाणी. उतार चौपट, पण पाणी दुप्पटच!

आता पुष्कळांना सरासरीचा मोह होतो. १०० मीटरांत एकूण उतरण ६२.५ सेंमी, म्हणजे १६० त १. त्यावरून उत्तर येते ३९० लिटर. ते चूक आहे. सपाट तुकडा २४७ लिटरच पुढे नेतो, बाकीचे रस्त्यावर. हेच २४७ लिटर वरच्या तुकड्यात जेमतेम २४ सेंमी खोलीने वाहतात, म्हणून तेथे गटार रिकामे भासते.

तासाला ५० मिमी पाऊस पडून सगळा वाहून आला, तर एका हेक्टरातून सेकंदाला १३९ लिटर येतात. म्हणजे हे गटार पावणेदोन हेक्टरांना पुरेल. सरासरीवर विसंबणारा मात्र त्याला पावणेतीन हेक्टर जोडून मोकळा होईल. मुंबईची जुनी पर्जन्यजलव्यवस्था तर तासाला २५ मिमी पाऊस धरून बांधलेली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला.

सपाटीवर वेग मंदावतो, म्हणून गाळही तेथेच बसतो. १० सेंमी गाळ साचला, तर आपले गटार किती पाणी नेईल? गुणांक तोच ठेवून करून पाहा. उत्तर १७० लिटरांच्या आसपास यायला हवे. उतार मोजायला गवंडीकाकांची पाण्याची पारदर्शक नळी पुरते.