विजेची पेटी व जमिनीची जोड

विहिरीवरील पंप व घरांतील दिवे ज्या लोखंडी पेटींतून चालतात, तिची विचारपूस बहुधा ती बंद पडल्यावरच होते. मोट होती तेव्हां झिजलेला नाडा डोळ्यांस दिसत असे. विजेचा दोष दिसत नाहीं, व कळतो तेव्हां पुष्कळदां उशीर झालेला असतो.

ही हयगय आमच्या हातूनही घडली आहे. एका पावसाळ्यांत आमच्या स्टार्टरच्या पेटीस हात लावतांच झिणझिण्या येऊं लागल्या. पंप चालत होता, म्हणून गड्यास रबरी चपला घालून बटण दाबावयास सांगितलें व पंधरवडा तसाच काढला. पुढें जाणत्या वायरमननें तपासलें, तों केबलीचें वेष्टण कुजून वीज पत्र्यांत उतरत होती, आणि पेटीपासून जमिनींत नेलेली तार मातीखालीं गंजून तुटलेली होती. गड्याचा जीव वांचला तो चपलांमुळें, आमच्या शहाणपणानें नव्हे.

ही जोड, म्हणजे अर्थिंग, काय करते तें आतां पाहूं. फेजच्या तारेनें वीज येते व न्यूट्रलनें परत जाते. तिसरी, हिरवी तार मोटार, स्टार्टर व मुख्य पेटी यांच्या धातूच्या अंगास बांधून जमिनींत पुरलेल्या नळापर्यंत नेलेली असते. एरव्हीं तिच्यांतून वीज वाहत नाहीं; फेजची तार पत्र्यास टेकली म्हणजे मात्र मनुष्यदेहापेक्षां सोपी वाट ती विजेस देते.

परंतु एवढ्यानें निर्धास्त होणें योग्य नव्हे. समजा, नळाचा जमिनीशीं रोध २० ओहम आहे. २३० व्होल्टच्या दाबानें त्यांतून सुमारें साडेअकरा अँपिअर वीज जाईल. १६ अँपिअरचा कटाउट तेवढ्यानें उडत नाहीं, व पत्रा भारलेलाच राहतो. उलट ३० मिलिअँपिअरहून थोडी अधिक वीज छातींतून कांहीं क्षण गेली तरी प्राणघात होऊं शकतो. सारांश, कटाउट तारांचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. त्यासाठीं आर.सी.सी.बी. नांवाचा ३० मिलिअँपिअरचा स्विच पेटींत बसवावा. जाणाऱ्या व परतणाऱ्या विजेंत तेवढा फरक पडतांच तो पुरवठा तोडतो.

भारतीय मानक ३०४३ प्रमाणें जस्ताचा मुलामा दिलेला नळ आंतून निदान ३८ मिलिमीटर रुंद व अडीच मीटर लांब असावा, आणि इमारतीपासून दीड मीटर तरी दूर पुरावा. भोंवतीं कोळसा व मीठ यांचे थर घालतात. मुरमाड जमिनींत रोध अधिक असतो. काळी जमीन वैशाखांत भेगाळली म्हणजे तिचाही वाढतो. म्हणून उन्हाळ्यांत नळांत पाणी घालीत जावें, व रोधाचें माप वायरमनकडून त्याच दिवसांत घ्यावें. पावसाळ्यांतील चांगलें माप फसवें होय. तीन फेजच्या मोटारीस दोन स्वतंत्र जोडण्या असाव्यात, हा सन १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून चालत आलेला दंडक आहे.

न्यूट्रल तुटला असतां कित्येकजण ह्याच नळावर दिवा चालवितात. हें अत्यंत घातक आहे. नळाची जोड सैल होतांच दिव्यांतून आलेली वीज त्या तारेस बांधलेल्या प्रत्येक पत्र्यांत उतरते. शिवाय नळाभोंवतालच्या ओल्या जमिनींत दाब पसरतो, आणि पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक असलेल्या बैलास तो माणसाहून अधिक बाधतो. उडालेल्या कटाउटांत जाड तांब्याची तार घालणें हाही तसाच आत्मघात होय.

अमावास्येस बैलांस विसांवा देण्याची आपली चाल आहे. त्याच दिवशीं स्विचचें परीक्षा-बटण दाबून पाहावें व नळाची दिसणारी जोड तपासावी. बटणानें स्विचची परीक्षा होते, जमिनीच्या जोडीची नव्हे, हें विसरूं नये. झिणझिणी लागल्यास पेटीस पुन्हां हात न लावतां शक्य तर मागील मुख्य पुरवठा बंद करावा, व परवानाधारक वायरमन येईपर्यंत पंप थांबवावा. एक पाळी चुकली तर पीक सुकेल. पण बटण दाबणारा हात बहुधा मालकाचा नसतो, ही गोष्ट प्रत्येक मालकानें लक्षांत ठेवावी.