फिर्याद घेऊन आलेली स्त्री आणि आपली जबाबदारी

मदिनेतील एक पहाट. प्रेषित मुहम्मद (स.) फजरच्या नमाजसाठी घराबाहेर पडले, तेव्हा अंधारात दाराशी एक स्त्री उभी असलेली त्यांना दिसली. विचारल्यावर तिने आपले नाव सांगितले : हबीबा बिन्त सहल. त्या साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नी होत्या. आपण आता साबित यांच्यासोबत राहू शकत नाही, असे त्यांनी सांगितले. हा प्रसंग इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये आला आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत आएशा (रजि.) यांच्या रिवायतीत त्यामागचे कारणही आले आहे : पतीने त्यांना मारहाण केली होती आणि त्यात त्यांच्या शरीराचा एखादा भाग मोडला होता. प्रेषितांनी (स.) साबित यांना बोलावून घेतले, मेहर म्हणून दिलेले परत घेण्यास सांगितले आणि दोघांना वेगळे केले. हबीबा (रजि.) आपल्या माहेरच्या माणसांत राहिल्या.

ही हदीस मी मदरशात दौरा-ए-हदीसच्या वर्षी वाचली. खुलअच्या प्रकरणातील एक पुरावा म्हणून ती लक्षात ठेवली, परीक्षेत लिहिली आणि पुढे गेलो. इमामत सुरू केल्यानंतर काही वर्षांनी एका संध्याकाळी मगरिब आणि इशाच्या दरम्यान एक वयस्कर खाला माझ्याकडे आल्या. जावई मुलीला मारतो, काय करावे, असे त्यांनी विचारले. मी सब्रची फजिलत सांगितली, दुआ शिकवली आणि मुलीला समजावून सासरी पाठवण्याचा सल्ला दिला. तीन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. या वेळी मुलगी सोबत होती आणि तिच्या हाताला प्लास्टर होते. त्या रात्री मी ती हदीस पुन्हा उघडली. जे वाक्य मी कधी पाहिलेच नव्हते, ते तिथे नसल्यामुळेच दिसले : प्रेषितांनी (स.) हबीबा (रजि.) यांना ‘परत जा आणि सब्र कर’ असे सांगितल्याचे त्या रिवायतींत कुठेही नाही.

फिर्याद करणे ही अवज्ञा नव्हे

आपल्या घरांत असे मानले जाते की, घरातली गोष्ट बाहेर नेणारी स्त्री घराची अब्रू घालवते. कुरआनची अठ्ठावन्नावी सूरह, अल्-मुजादिला, ही समजूत खोडून काढते. तिचा प्रारंभच एका पत्नीच्या पतीविरुद्धच्या फिर्यादीने होतो. हजरत खौला बिन्त सअलबा (रजि.) आपले गाऱ्हाणे घेऊन प्रेषितांकडे (स.) आल्या आणि अल्लाहने ते ऐकले, असे ती आयत सांगते. जी गोष्ट अल्लाहने ऐकली आणि कयामतपर्यंत पठण होणाऱ्या ग्रंथात नोंदवली, तिला आपण बेअब्रू कसे म्हणावे?

येथे काही बंधू सूरह अन्-निसाची चौतिसावी आयत पुढे करतात. त्या आयतीची चर्चा टाळून चालणार नाही. मुफस्सिरांनी आणि फुकहांनी तिच्यातील अनुमतीला कडक मर्यादा घातल्या आहेत : इजा होईल, व्रण उठेल, चेहऱ्यावर लागेल असा प्रहार कोणीही वैध ठरवलेला नाही. ताबिईंपैकी अता (रह.) यांचे मत तर असे नोंदवले आहे की, पतीने राग व्यक्त करावा, पण मारू नये. ज्यांच्यावर ही आयत अवतरली, त्या प्रेषितांनी (स.) कधीही कोणा स्त्रीवर किंवा सेवकावर हात उचलला नाही, ही हजरत आएशा (रजि.) यांची साक्ष सहीह मुस्लिममध्ये आहे. अनेक स्त्रिया पतींच्या मारहाणीची तक्रार घेऊन प्रेषितांच्या घरी आल्या, तेव्हा असे पुरुष तुमच्यातील उत्तम लोक नव्हेत, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. मोडलेला हात, भाजलेली पाठ, रोजची शिवीगाळ यांच्या समर्थनार्थ ही आयत वाचणारा मनुष्य आयतीचे पालन करत नसून तिच्याआड लपत असतो.

आजचा दरवाजा कोणता?

हबीबा (रजि.) ज्या दाराशी उभ्या राहिल्या, ते शासनाचे आणि न्यायाचेही दार होते. आज आपल्या देशात तो दरवाजा न्यायालयाचा आहे. त्याची माहिती प्रत्येक घरात असायला हवी.

‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे आणि केवळ पत्नीपुरता नाही. एकाच घरात राहणारी आई, बहीण, विधवा सून यांनाही त्याचा आधार घेता येतो. हिंसेचा अर्थही त्यात व्यापक आहे : शारीरिक मारहाण, लैंगिक छळ, अपमान आणि धमक्या, तसेच खर्चाला पैसे न देणे किंवा स्त्रीधन काढून घेणे, हे सर्व त्यात येते.

पीडित स्त्री संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा पोलिसांकडे जाऊ शकते, अथवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करतात. अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत असावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात विलंब होतो, हे खरे आहे. म्हणूनच अंतरिम आदेशाची तरतूद महत्त्वाची आहे. परिस्थिती गंभीर असेल तर दुसरी बाजू हजर होण्यापूर्वीही तो देता येतो.

न्यायालय हिंसा थांबवण्याचा आदेश देते. राहत्या घरातून स्त्रीला बाहेर काढण्यास मनाई करते. प्रसंगी पतीलाच घराबाहेर राहण्यास सांगते. खर्च, नुकसानभरपाई आणि मुलांचा तात्पुरता ताबा यांचेही आदेश देता येतात. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून सुनेचा तेथे राहण्याचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

‘कायद्याकडे गेलो तर जावई तुरुंगात जाईल आणि संसार मोडेल,’ या भीतीने अनेक पालक गप्प बसतात. या कायद्याचे स्वरूप समजले तर ही भीती कमी होईल. येथे पहिले पाऊल शिक्षेचे नसून संरक्षणाचे आहे. संरक्षणाचा आदेश मोडला, तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. क्रूरतेबद्दलचा फौजदारी गुन्हा वेगळा आहे. तो पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. कोणता मार्ग घ्यावा, हे स्त्रीने वकिलाच्या सल्ल्याने ठरवावे. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. तातडीच्या वेळी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत.

तलाक देऊन जबाबदारी सुटत नाही

काही पुरुष तक्रारीची चाहूल लागताच तलाकची भाषा करतात. २०१४ साली मुंबईतील एका मुस्लिम स्त्रीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, विवाह संपुष्टात आला तरी त्यापूर्वी केलेल्या हिंसेची जबाबदारी संपत नाही. शरीअतचा जाणकार याने चकित होणार नाही. जुल्म हा बंद्याचा हक्क मारणे आहे आणि तो नाते तुटल्याने माफ होत नाही. दोष पतीचा असताना त्याने खुलअचा मोबदला घेणे हनफी फिक्हमध्येही मकरूह सांगितले आहे.

उलट, वेगळे व्हायचे असूनही पती सोडत नसेल, तर मुस्लिम विवाह विच्छेद कायदा, १९३९ अन्वये क्रूरतेच्या कारणावरून स्त्री न्यायालयाकडे फस्ख मागू शकते. या कायद्यामागे आपल्या उलेमांचे श्रम आहेत. हनफी मसलकात स्त्रीची वाट अडत होती, तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी (रह.) यांनी ‘अल्-हीलतुन्नाजिजा’मध्ये मालिकी मतांचा आधार घेऊन ती मोकळी केली. कायद्याची मदत घेणे शरीअतविरोधी आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा.

सुलहची अट

मग सुलहचे काय? सूरह अन्-निसाची पस्तिसावी आयत दोन्ही घरांतून एकेक हकम नेमण्यास सांगते. ती आपल्यासाठी कायम आहे. पण आपल्या बैठकांत काय घडते? ‘तिनेही काहीतरी बोलले असेल,’ असे म्हणून दोघांना सारखेच दोषी धरले जाते आणि मुलगी त्याच खोलीत परत जाते.

येथे २००६ च्या नियमांतून शिकण्यासारखे आहे. न्यायालयाने समुपदेशन सांगितले, तर त्यात पुरुषाला हिंसेचे समर्थन करण्याची मुभा नाही, आणि पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याला द्यावी लागते. प्रत्येक जमातने आपल्या बैठकीसाठी हाच क्रम ठेवावा : प्रथम स्त्री आणि मुले सुरक्षित जागी, मग हमी, मग बोलणी. जीव धोक्यात ठेवून केलेली सुलह ही सुलह नव्हे. पुरुषाचे म्हणणेही जरूर ऐकावे, कारण खोटा आरोप हाही जुल्म आहे. पण ऐकून घेणे आणि मारहाण माफ करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

शेजारी, नातलग आणि इमाम यांच्यासाठी या कायद्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. हिंसा होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे वाटल्यास कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कोणतीही जबाबदारी येत नाही. म्हणजे ‘आपण कशाला मध्ये पडायचे?’ हे कारण ना अल्लाहसमोर चालणार आहे, ना कायद्यासमोर.

त्या खालांच्या मुलीला नंतर न्यायालयातून संरक्षणाचा आदेश मिळाला. तिचा हात मात्र पूर्वीसारखा वळत नाही. त्यातील माझा वाटा मी जाणतो. आता माझ्याकडे कोणी अशी फिर्याद घेऊन आले, तर मी प्रथम एकच प्रश्न विचारतो : आज रात्री तुम्ही कुठे झोपणार आहात, आणि ती जागा सुरक्षित आहे का? सब्रचा विषय त्यानंतर.

अल्लाह आपल्या घरांना सुकून आणि रहमतीचे घर बनवो, जालिमाचा हात रोखण्याची हिंमत आपल्याला देवो आणि आपल्या दाराशी आलेल्या कोणत्याही मजलूमला रिकाम्या हाताने परत पाठवण्यापासून आपल्याला वाचवो. आमीन.