पांढऱ्या घोड्याच्या शेपटीखालची काळी गाठ

लग्नसराई जवळ आली की जव्हार-मोखाड्याकडचे वरातीचे घोडेवाले आमच्या दुकानी येतात. मखमल, साटीन, जरीची किनार, गोंडे असा झुलीचा माल नेतात. दोन वर्षांमागे त्यांतले एक जण माप द्यायला घोडीच दारात घेऊन आले. सोळा वर्षांची, दुधासारखी पांढरी. दुमचीच्या मापासाठी शेपटी उचलायला सांगितली, तर खाली करवंदांसारख्या काळ्या, टणक गाठी! एक गाठ दुमचीच्या पट्ट्याने घासून फुटली होती; तीतून डांबरासारखा काळा चिकटा येत होता. मालक म्हणाले, "चाचा, गरमी आहे. मोरचूद लावतो, जाईल."

ही गरमी नव्हे. पशुवैद्य ह्याला मेलॅनोमा म्हणतात. कातडीला काळा रंग देणाऱ्या पेशी बेसुमार वाढून ही गाठ होते. आम्ही कापडवाले, डॉक्टर नाही. पण चौकशी केली, ती घोडेवाल्या बंधूंच्या उपयोगी पडावी म्हणून लिहितो.

पांढरे घोडे सगळे एका जातीचे नसतात. नुकरा जन्मतःच पांढरा, कातडी गुलाबी. सबजा जन्मतो काळा, तांबडा किंवा कुमाईत, आणि वयाबरोबर केस पांढरे होत जातात. कातडी मात्र काळीच राहते. काळ्या गाठींचा हा रोग मुख्यतः सबज्याचा. पंधरा वर्षांवरच्या सबज्या घोड्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांना त्या होतात असे परदेशी पाहणीत आढळले आहे. नुकऱ्याचा धोका वेगळा: त्याच्या गुलाबी कातडीला, विशेषतः डोळ्यांभोवती, उन्हाने दुसऱ्या जातीचा कर्करोग होतो. सबज्यात दोष उन्हाचा नसून वंशाचा असतो.

२००८ साली स्वीडनमधील उप्साला येथील शास्त्रज्ञांनी ह्याचे मूळ दाखवले. एसटीएक्स-१७ नावाच्या जनुकातला एक तुकडा सबज्यात पुन्हा जोडलेला असतो. मागावरच्या नक्षीच्या पत्त्यांत एकच पत्ता चुकून जास्त वेळा ओवला जावा, तसे. तोच केस पांढरे करतो आणि गाठींनाही वाट देतो. २०२४ च्या संशोधनात आणखी उलगडा झाला: तो तुकडा दोनदा असेल तर घोडा सावकाश पांढरा होतो व गाठींचा धोका कमी, तीनदा असेल तर लवकर पांढरा होतो व धोका जास्त. म्हणजे बाजारात ज्या लवकर आलेल्या पांढरेपणाला आपण जादा भाव देतो, त्यातच हा ऐब दडलेला.

गाठी शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, जननेंद्रियावर, ओठांवर व कानाखाली येतात. रोग संसर्गाचा नाही. वर्षानुवर्षे गाठ तशीच राहते, म्हणून मालक निर्धास्त असतो. पुढे ती वाढते, लीद अडते, काहींत आतल्या अवयवांत पसरते.

इलाज लहानपणीच, म्हणजे गाठीच्या लहानपणी. वाटाण्याएवढी असताना शस्त्रक्रियेने कडेसह काढता येते. कुठे गोठवून नष्ट करतात, कुठे गाठीतच सिस्प्लॅटिनचे इंजेक्शन देतात. हे औषध हाताळणाऱ्यालाही घातक, तेव्हा ते डॉक्टरांचेच काम. सिमेटिडिनच्या गोळ्यांचा गुण काहींना आला, पुष्कळांना नाही. कुत्र्यांसाठी बनवलेली एक लसही परदेशात घोड्यांवर वापरून पाहिली आहे. डागणी आणि मोरचूद यांनी फक्त जखम चिघळते, माशा बसून किडे पडतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी दाखवावे. मोठ्या कामासाठी मुंबईत परळला १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो, भोवरे तर हमखास मोजतो! शेपटी मात्र कोणी उचलत नाही. सबजा घेताना ती उचलावी, कानाखाली हात फिरवावा, कोणत्या वयात पांढरा झाला ते विचारावे. विकणाऱ्यानेही गाठ असेल तर सांगून विकावे आणि भाव तसा धरावा.

त्या घोडीची फुटलेली गाठ डॉक्टरांनी काढली. बाकीच्या मोठ्या होत्या, त्यांना हात लावला नाही. आम्ही झूल बिनदुमचीची शिवून दिली, पोटपट्ट्याला मलमलीचे अस्तर लावून. मागच्या हंगामात ती चार वराती चालली, त्याही जवळच्याच.