वेबपृष्ठे लिहिण्याचे साधन : कोड एडिटरची निवड

वेबपृष्ठ ब्राउझरमध्ये उघडले म्हणजे रंग, चित्रे, तक्ते आणि बटणे यांनी भरलेले पान समोर येते. परंतु ज्या फाईलींपासून हे पान तयार होते त्या उघडून पाहिल्यास, चित्रांच्या फाईली वगळता, त्यांत साध्या अक्षरांवाचून दुसरे काही आढळत नाही. १९८९ साली जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली, तेव्हापासून ही गोष्ट बदललेली नाही. पानाची रचना एचटीएमएल या भाषेत, त्याचे बाह्य रूप सीएसएसमध्ये आणि त्यातील क्रिया जावास्क्रिप्टमध्ये लिहिली जाते. या तिन्ही भाषा साध्या अक्षरांतच लिहिल्या जातात. ही अक्षरे लिहिण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी जी आज्ञावली वापरली जाते तिला कोड एडिटर म्हणतात. असे एडिटर आज अनेक आहेत व त्यांतील पुष्कळसे विनामूल्य मिळतात. म्हणूनच त्यांतून निवड कशी करावी, हा प्रश्न नवशिक्या विद्यार्थ्यापुढे उभा राहतो.

साधा मजकूर म्हणजे काय

पत्रे व अहवाल लिहिण्यासाठी कार्यालयांत जो वर्ड प्रोसेसर वापरतात तो या कामास चालत नाही. त्याच्या फाईलीत लिहिलेल्या अक्षरांबरोबर टंकाचा आकार, समास, पानाची मांडणी इत्यादींविषयीची माहितीही साठवलेली असते. शिवाय तो लेखकाच्या नकळत काही अक्षरे बदलतो. सरळ अवतरणचिन्हांच्या जागी तो वळणदार अवतरणचिन्हे घालतो. छापील पानावर ती शोभून दिसतात, परंतु एचटीएमएलच्या दृष्टीने ती अवतरणचिन्हेच नव्हेत. चित्राच्या फाईलीचे नाव अशा चिन्हांत लिहिले असेल, तर ब्राउझर ती चिन्हे नावाचाच भाग समजतो. त्या नावाची फाईल अर्थातच सापडत नाही आणि चित्राची जागा रिकामी राहते. विद्यार्थी मात्र तासभर चूक दुसरीकडेच शोधत बसतो.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. कळफलकावरून जे लिहिले तेच, अधिक नाही व उणे नाही, फाईलीत ठेवणारे साधन निवडावे.

एडिटरचा थोडा इतिहास

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन यांनी ‘ईडी’ हा एडिटर लिहिला. त्या काळी संगणकाशी संवाद टेलिप्रिंटरसारख्या यंत्राने होई व उत्तर कागदावर छापून येई. त्यामुळे संपूर्ण मजकूर डोळ्यांसमोर नसे आणि हवी ती ओळ आज्ञा देऊन छापून घ्यावी लागे. पुढे पडद्याची टर्मिनले आली. १९७६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ तयार केला, व त्यात पडद्यावरील मजकुरात हवे तेथे जाऊन बदल करता येऊ लागला. जॉय यांच्या टर्मिनलवर बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. एच, जे, के व एल या कळांवरच बाण छापलेले होते. ते टर्मिनल कधीच मागे पडले. तथापि व्हीआयच्या परंपरेतील, ब्राम मोलनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘व्हिम’ या एडिटरमध्ये याच चार कळा आजही चालतात. इमॅक्स हा एडिटरही १९७६ सालचाच असून त्याचा जन्म मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत झाला.

अलीकडच्या काळातील एडिटरांत डॉन हो यांचा नोटपॅड प्लस प्लस (२००३), सब्लाइम टेक्स्ट (२००८) आणि मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड (२०१५) हे विशेष परिचित आहेत. यांपैकी शेवटचा ज्या पायावर उभा आहे तो पाया म्हणजे वस्तुतः एक संपूर्ण ब्राउझरच आहे. यामुळे त्यास पुष्कळ सोयी जोडता येतात, परंतु त्याला स्मरणशक्तीही अधिक लागते. ज्या शाळेतील संगणक जुने आहेत तेथे हा विचार प्रथम करावा लागतो.

देवनागरीची कसोटी

मराठीत, किंवा भारतातील अन्य कोणत्याही लिपीत, वेबपृष्ठ लिहिणाऱ्याला एक कसोटी टाळता येत नाही. संगणक अक्षरे ठेवीत नाही, तो अंक ठेवतो. कोणत्या अक्षराला कोणता अंक द्यावयाचा व तो कसा लिहावयाचा, हे ठरविणाऱ्या पद्धतीस संकेतन म्हणतात. युनिकोड या जागतिक तक्त्यात देवनागरीला स्वतंत्र स्थान आहे. तेथील अंक फाईलीत लिहिण्याची यूटीएफ-८ ही पद्धत १९९२ मध्ये, ‘ईडी’ लिहिणाऱ्या त्याच केन टॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्यासह तयार केली. या पद्धतीत रोमन लिपीतील साधे अक्षर एका बाइटात बसते, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. उदाहरणार्थ, ‘म’ हे अक्षर २२४, १६४, १७४ असे लिहिले जाते.

ही गोष्ट प्रयोगाने पाहता येते. एडिटरमध्ये नवी फाईल घेऊन तीत केवळ ‘मराठी’ हा शब्द लिहावा, ओळ बदलू नये, आणि फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी. म, र, काना, ठ व दीर्घ वेलांटी अशी ही पाच चिन्हे होत. म्हणून फाईलीचा आकार १५ बाइट भरला पाहिजे. काही एडिटर शेवटी ओळ संपल्याची खूण स्वतःच जोडतात, तेव्हा तो १६ भरतो. १८ भरला, तर एडिटरने आरंभी तीन बाइटांची एक अदृश्य खूण घातली आहे असे समजावे.

आता दोन निरनिराळ्या दोषांतील भेद ध्यानात घ्यावा. फाईल योग्य रीतीने लिहिलेली असून ब्राउझरने ती जुन्या पाश्चात्त्य तक्त्याप्रमाणे वाचली, तर मराठीच्या जागी विचित्र रोमन अक्षरांची रांग दिसते. त्या रांगेत, डोक्यावर तिरकी रेघ असलेले ‘ए’ हे रोमन अक्षर पुनःपुन्हा येते, कारण त्या तक्त्यात २२४ हा अंक त्याचा असून देवनागरीचे प्रत्येक चिन्ह त्याच अंकाने सुरू होते. येथे मूळ मजकूर शाबूत असतो. फाईलीच्या आरंभी, पहिल्या १०२४ बाइटांच्या आत, संकेतनाची घोषणा केली की पान पूर्ववत दिसते. परंतु ज्या तक्त्यात देवनागरी नाहीच अशा तक्त्यात फाईल जतन केली, तर प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. ही हानी भरून येत नाही. एखाद्या ग्रंथालयाने वर्षभर खपून केलेली पुस्तकांची यादी एका चुकीच्या जतनाने प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसू शकते.

विंडोजमधील नोटपॅड २०१९ पूर्वी नवी फाईल आपणहून यूटीएफ-८ मध्ये जतन करीत नसे. त्या वर्षीच्या आवृत्तीपासून तो तसे करू लागला. म्हणून जुन्या संगणकावर काम करताना विशेष सावध राहावे. ज्या एडिटरमध्ये चालू फाईलीचे संकेतन पडद्यावर सतत दिसते तो या दृष्टीने अधिक विश्वसनीय होय. त्याचबरोबर ‘क्षेत्र’, ‘ज्ञान’, ‘स्वातंत्र्य’ अशी जोडाक्षरे नीट उमटतात का, हेही निवडीपूर्वी पाहावे.

कोणत्या सोयी खऱ्या उपयोगाच्या

रंगभेद ही पहिली सोय होय. भाषेच्या खुणा एका रंगात व मजकूर दुसऱ्या रंगात दिसल्याने, अवतरणचिन्ह बंद करावयाचे राहिले तर पुढचा सारा भाग एकाच रंगाचा होतो व चूक तत्काळ नजरेस येते. उघडलेल्या कंसाचा जोडीदार दाखविणे ही दुसरी सोय. मराठी लिहिणाऱ्याला हिचा आणखी एक लाभ आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर उघडणाऱ्या चौकटी व महिरपी कंसाच्या कळेवर ‘ड’ आणि ‘ढ’ ही अक्षरे येतात, त्यामुळे कंसासाठी दर वेळी लिपी बदलावी लागते. एडिटरने बंद करणारा कंस स्वतः घातला म्हणजे हे श्रम निम्म्याने कमी होतात. अनेक फाईलींत एकदम शोध घेणे व बदल करणे ही तिसरी सोय, आणि पृष्ठसंख्या वाढली की तिचे मोल कळते.

लिहिता लिहिता शब्द सुचविणे व चुका दाखविणे ही सोय पूर्वी प्रत्येक एडिटरसाठी व प्रत्येक भाषेसाठी वेगळी रचावी लागे. दहा एडिटर व दहा भाषा असल्यास शंभर जोडण्या कराव्या लागत. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने अन्य संस्थांसह ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ ही सामायिक पद्धत जाहीर केली. ती पाळली असता दहा व दहा मिळून वीसच रचना पुरतात. यामुळे जी मदत एका एडिटरात मिळते ती आज दुसऱ्यातही बहुधा मिळू शकते.

अलीकडे काही एडिटर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने संपूर्ण परिच्छेदच लिहून देतात. ही मदत घेताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बहुधा फाईलीतील मजकूर दूरच्या संगणकाकडे पाठविला जातो, म्हणून त्यात खाजगी माहिती नसावी. तसेच जे स्वतःला समजलेले नाही ते दुरुस्तही करता येत नाही.

एडिटर जातो, फाईल राहते

अडोबी या कंपनीने वेबसाठी खास तयार केलेल्या ‘ब्रॅकेट्स’ या एडिटरला दिलेला आधार १ सप्टेंबर २०२१ रोजी थांबविला. गिटहबचा ‘ॲटम’ हा एडिटर एके काळी फार लोकप्रिय होता. त्याचे काम १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद करण्यात आले. ज्यांना या साधनांची सवय झाली होती त्यांना नवे साधन शिकावे लागले. परंतु त्यांची पाने नष्ट झाली नाहीत, कारण ती साध्या मजकुराच्या फाईलींत होती व कोणताही अन्य एडिटर त्या उघडू शकत होता.

म्हणून निवड करताना शेवटचा प्रश्न असा विचारावा : हे साधन उद्या नाहीसे झाले, तर काम दुसऱ्या साधनात जसेच्या तसे पुढे चालविता येईल काय? उत्तर होकारार्थी असेल तर निवडीची फारशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. जुन्या विंडोज संगणकावर नोटपॅड प्लस प्लस, लिनक्सवर जीनी किंवा केट, आणि पुरेशी स्मरणशक्ती असेल तेथे व्हिज्युअल स्टुडिओ कोड, यांपैकी कोणताही आरंभास योग्य आहे. दूरच्या सर्व्हरवर केवळ कळफलकाने काम करण्याचा प्रसंग येतो, तेव्हा व्हिमची तोंडओळख उपयोगी पडते.

अभ्यासासाठी

१. एकच लहान पान दोन निरनिराळ्या एडिटरांत लिहावे व दोन्ही फाईलींच्या आकारांची तुलना करावी. फरक पडल्यास त्याचे कारण शोधावे.
२. ‘भारत’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये किती बाइट घेईल, ते आधी कागदावर काढावे व मग प्रयोगाने ताडून पाहावे.
३. एका फाईलीची प्रत घेऊन तीत सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे घालावीत. ब्राउझरमध्ये काय बदलते ते टिपून ठेवावे.
४. आपल्या शाळेतील किंवा ग्रंथालयातील संगणकास कोणता एडिटर योग्य ठरेल, ते कारणांसह लिहावे.