गर्भाधानपूर्व चिकित्सेत मानसपरीक्षण

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २५व्या अध्यायात गर्भधारणेस हितकर भावांमध्ये सौमनस्यास अग्रस्थान दिले आहे. तरीही सल्ल्यास आलेल्या दांपत्याचे ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज आपण बारकाईने तपासतो आणि मनाविषयी विचारायचे बहुधा राहून जाते.

पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्या स्त्रीस गर्भिणी व सूतिका अवस्थेत ते पुन्हा येण्याचा धोका अधिक असतो. उपचाराविना राहिलेल्या नैराश्याचा संबंध अकाल प्रसवाशी आढळला आहे. द्विध्रुवी विकारात प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तीव्र उन्माद उद्भवू शकतो.

‘मूल हवे आहे, गोळ्या बंद करून काढा द्या,’ अशी विनंती आपणांस परिचित आहे. ती तत्काळ मान्य करणे घातक होय. औषध एकाएकी थांबविल्यास व्याधी उलटण्याची भीती असते. दुसरीकडे, व्हॅल्प्रोएटमुळे गर्भाच्या मेंदू व पाठीच्या कण्यात जन्मजात विकृती येऊ शकते आणि ती रचना गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच घडून जाते. म्हणून औषधातील बदल गर्भाधानापूर्वीच आणि मनोविकारतज्ज्ञांच्या संमतीनेच व्हावा. शोधनाचा विचार त्यानंतर.

केसपेपरवर तीन प्रश्न अवश्य असावेत: पूर्वी मानसविकार झाला होता काय? कोणते औषध चालू आहे? आई वा बहिणीस प्रसूतीनंतर असा त्रास झाला होता काय? नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत तज्ज्ञ जवळ नसल्यास २०२२ पासून सुरू झालेल्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक रुग्णेस द्यावा.

योग्य वेळी तज्ज्ञांकडे पाठविणे हेही आम्ही चिकित्सेचेच अंग मानतो.