सराव पाठातील प्रयोग : हैदराबादच्या परिसरातील दोन पाठ

अध्यापक विद्यालयांतील सराव पाठांच्या वेळी एक गोष्ट वारंवार आढळून येते. छात्राध्यापकाच्या पाठ टाचणात ‘कृतियुक्त अध्यापन’ हे शब्द ठळकपणे लिहिलेले असतात, मेजावर साहित्यही नीटनेटके मांडलेले असते. परंतु प्रयोगातून काय दिसणार हे प्रस्तावनेतच सांगून झालेले असते. विद्यार्थी परीक्षानळी हाती घेतात, जे दिसावयास हवे ते दिसले असे एका सुरात म्हणतात व वहीत अनुमान उतरवून घेतात. हात कामाला लागतात, विचार मात्र जागचा हलत नाही. यात छात्राध्यापकाचा आळस फारसा नसतो. पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, मागच्या बाकावर बसलेले पाठनिरीक्षक आणि गुणांची चिंता अशा स्थितीत प्रयोग फसलेला त्याला परवडत नाही. म्हणून जो फसणारच नाही असा प्रयोग तो निवडतो, आणि असा प्रयोग बहुधा काही शिकवीतही नाही.

प्रयोग फसण्याचे शैक्षणिक मोल किती मोठे असते, याचे एक ठळक उदाहरण हैदराबाद-सिकंदराबादच्या परिसरातच घडले आहे. सैन्यातील डॉक्टर रोनाल्ड रॉस हे १८९५ मध्ये सिकंदराबादेस आले. हिवतापाचा परजीवी माणसाच्या रक्तात असतो हे लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरने १८८० मध्येच दाखविले होते. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हा प्रश्न उरला होता. डासाचा यात हात असावा, हा तर्क लंडनच्या पॅट्रिक मॅन्सन यांचा. रॉस यांनी दोन वर्षे शेकडो डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यांना काहीही आढळले नाही. कारण साधे होते : ते चुकीच्या जातीचे डास तपासत होते. १८९७ च्या ऑगस्टमध्ये पंखांवर ठिपके असलेले निराळे डास त्यांच्या हाती आले. १६ ऑगस्ट रोजी हुसेनखान या रुग्णाला ते चावू दिले गेले. प्रत्येक डासामागे एक आणा असा त्याचा मोबदला ठरला होता. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, भिंगाला तडा गेलेला. पंखा हलविला तर चिरलेला डास उडून जाणार, म्हणून भर उकाड्यात पंखाही बंद. अशा अवस्थेत २० ऑगस्ट रोजी एका डासाच्या जठराच्या भित्तिकेत रॉस यांना काळसर कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी चिरलेल्या डासात त्याच पेशी वाढलेल्या आढळल्या. पुढील वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्यांनी हे चक्र पूर्ण उलगडले आणि १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पाठ्यपुस्तकात ही हकिकत बहुधा एका ओळीत येते आणि त्या ओळीत निष्फळ दोन वर्षांना जागा नसते. छात्राध्यापकाने ती दोन वर्षे वर्गात आणावयाची आहेत. त्यासाठी लागणारे साहित्य दोन काचेच्या बरण्या, तलम कापड, दोरा आणि एक हातभिंग एवढेच. पावसाळ्यात परिसरातील साचलेल्या पाण्यातून अळ्या आणाव्यात. एका बरणीत गटाराजवळच्या डबक्यातील, दुसऱ्या बरणीत स्वच्छ पाण्याच्या हौदातील किंवा विहिरीतील. तोंडाला कापड घट्ट बांधावे. विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : दोन्ही बरण्यांतील अळ्या सारख्या आहेत काय?

पहिल्या दिवशी बहुतेक मुले ‘सारख्याच आहेत’ असे उत्तर देतील, आणि ते उत्तर तसेच वहीत राहू द्यावे. दोन-तीन दिवस भिंगातून पाहिल्यावर कोणाच्या तरी लक्षात येते की काही अळ्या डोके खाली करून पाण्याच्या पृष्ठभागाला तिरप्या लोंबतात, तर काही पृष्ठभागाला समांतर आडव्या पडतात. आडव्या पडणाऱ्या त्या ॲनॉफिलीसच्या, म्हणजे हिवताप पसरविणाऱ्या जातीच्या. तिरप्या लोंबणाऱ्या बहुधा क्युलेक्सच्या. मात्र हे नाव शिक्षकाने सर्वांत शेवटी सांगावे. कदाचित दोन्ही बरण्यांत एकाच जातीच्या अळ्या निघतील. तसे झाल्यास पाठ वाया गेला असे मानू नये. आता कोणत्या ठिकाणचे पाणी आणून पाहावे, हा प्रश्न वर्गापुढे आपोआप उभा राहतो, आणि रॉस यांच्यापुढेही काहीसा असाच प्रश्न होता. अळ्यांचे कोष होऊ लागले की बरणीतील पाणी कोरड्या जमिनीवर ओतून टाकावे. याबाबतीत हयगय करू नये.

अशा पाठाचा आणखी एक लाभ हैदराबादसारख्या शहरात विशेष जाणवतो. निजामी राजवटीत १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठवाड्यातील मराठी मुलाला उच्च शिक्षण घ्यावयाचे तर घरची भाषा उंबऱ्याशी ठेवून जावे लागे. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक प्रभृतींनी हैदराबादेत विवेकवर्धिनीसारखी मराठी शाळा उभी केली होती. १९५६ मध्ये मराठवाडा वेगळा झाला. तरी हैदराबादच्या वर्गात मराठी, तेलुगू आणि उर्दू भाषक घरांतली मुले आजही शेजारी बसतात व पुष्कळदा चौथ्याच भाषेतून शिकतात. अशा वर्गात शब्द आधी आला की घोकंपट्टी ठरलेली. बरणी समोर असली की एक मूल ‘डास’ म्हणते, दुसरे ‘मच्छर’, तिसरे ‘दोमा’. आणि तिघेही एकाच वस्तूविषयी बोलत असल्याने पुस्तकातील शब्द नंतर आला तरी तो पोकळ राहत नाही.

दुसरा पाठ गोवळकोंड्याचा. १६७७ मध्ये शिवाजी महाराज कुत्बशहाच्या भेटीस आले ते याच परिसरात, म्हणून मराठी मुलांना या स्थळाची ओढ असतेच. प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली वाजविलेली टाळी वर बालाहिसारपर्यंत ऐकू येते, हे वाटाडे प्रत्येक सहलीला दाखवितात. मुले टाळ्या वाजवितात, चकित होतात आणि डबे उघडून बसतात. येथेच पाठाला आरंभ व्हावयास हवा. हा परिणाम खरोखर घुमटामुळे होतो काय? एकाच मुलाने पाच टाळ्या घुमटाखाली व पाच घुमटाबाहेर वाजवाव्यात. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि तो वरच्या गटाला कळू देऊ नये. वरच्या गटाने ठरलेल्या वेळी काय ऐकू आले एवढेच लिहावे. खाली उतरल्यावर दोन्ही तक्ते शेजारी ठेवून मुलांनीच निर्णय करावा. क्रम गुप्त का ठेवावयाचा, हे आठवीच्या मुलांना एकदा चुकल्याशिवाय पटत नाही, तेव्हा पहिल्या फेरीत क्रम उघड ठेवला तरी हरकत नाही.

याच ठिकाणी ध्वनीचा वेग मोजण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा, अथवा डोळसपणे करावा. पंचवीस अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४६ मीटर जातो. निशाण हलताना पाहून घड्याळ सुरू करण्यात व टाळी ऐकून ते थांबविण्यात मिळून दोन दशांश सेकंदाचा फरक सहज पडतो. एका सेकंदाच्या मोजणीत ती वीस टक्के चूक झाली. दहा मुलांची दहा उत्तरे फळ्यावर मांडून ती वेगवेगळी का आली, हे विचारण्यात वेगाच्या आकड्यापेक्षा अधिक शिक्षण आहे.

सहलीस जावयाचे ते दरवाजे उघडताच; दहानंतर इतर पर्यटकांच्याच टाळ्या इतक्या होतात की कोणती आपली हे कळेनासे होते. छात्राध्यापकाने आदल्या आठवड्यात स्वतः एकदा चढून, टाळ्या वाजवून व ऐकून यावे, आणि आपला तक्ता वर्गाला दाखवावयाचा तो मुलांचा तक्ता पुरा झाल्यावरच.